टायमिंग किती? एवढंच नका विचारू!

रेस संपली की ग्रुपवर फोटो, मेडल आणि टायमिंग. पण नुसतं टायमिंग म्हणजे रिझल्ट नव्हे. पळणाऱ्या दोस्तांनो, आपला रिझल्ट सांगायचा कसा, दुसऱ्याचा वाचायचा कसा आणि ‘भारी!’च्या पुढे जाऊन एकमेकांना बळ द्यायचं कसं? बोलू त्याविषयीच.

रविवारची सकाळ. साडेनऊ वाजलेत. तुमचा पळणाऱ्यांचा ग्रुप उघडा. कुणी मेडल दातात धरलंय, कुणी बिबवरचा नंबर दिसेल असा सेल्फी टाकलाय, कुणी घड्याळाचा फोटो. खाली एकच ओळ, ‘२१ के, २ तास ६ मिनिटं.’ त्यावर अंगठे, टाळ्या, आगीच्या ज्वाळा, ‘भावा, नाद खुळा!’

आता विचार करा, याच रेसमध्ये ज्याला २ तास ५० मिनिटं लागली तो काय करतो? तो मेसेज टाइप करतो, पुसतो, परत टाइप करतो. शेवटी दुसऱ्याच्या फोटोखाली एक अंगठा टाकतो आणि फोन बाजूला ठेवतो. आणि जो चौदाव्या किलोमीटरलाच थांबला, तो? तो तर ग्रुपवर दिसतच नाही. पुढच्या महिन्यात मग ग्राऊंडवरही दिसेनासा होतो. किंवा उलटं होतं. ‘मलाही दोनच्या आत यायचंय’ म्हणून दुखऱ्या पायाने रोज पळत सुटतो आणि दोन महिने घरी बसतो.

खरं सांगा, हा सीन ओळखीचा आहे की नाही?

यात कुणाचा वाईट हेतू नसतो. सगळे एकमेकांचे दोस्तच असतात. गडबड होते ती एकाच गोष्टीमुळे. आपण आकडा सांगतो आणि त्याच्यामागची गोष्ट गाळून टाकतो.

तुम्ही हौशी आहात, भरतीला नाही!

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या ग्राऊंडवर पहाटे जा. दोन प्रकारचे लोक पळताना दिसतील. एक पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. तिथे एकेका सेकंदावर मार्क ठरतात आणि मार्कांवर नोकरी. त्यांच्यासाठी टायमिंग म्हणजे भाकरी. त्यांनी स्टॉपवॉच धरूनच पळायला हवं.

दुसरे तुम्ही-आम्ही. कॉलेजचे, बँकेतले, आयटीतले, दुकान सांभाळणारे, नाइट शिफ्ट करून थेट ग्राऊंडवर येणारे. पुण्यात १९८३ साली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, मुंबईत २००४ साली, साताऱ्यात २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन. तेव्हापासून पळणं हे फक्त खेळाडूंचं काम राहिलं नाही. आज या रेसमध्ये पळणाऱ्या बहुतेकांना पहिला नंबर मिळणार नसतो आणि ते त्यांना पक्कं माहीत असतं. तरीही ते पहाटे चारला उठतात.

मग आपलं कशावर अडलेलं आहे? कशावरच नाही. आपण आवड म्हणून पळतो. पण ग्रुपवर आलो की नेमकं हेच विसरतो आणि भरतीला उभं राहिल्यासारखे एकमेकांचे सेकंद मोजायला लागतो.

आकडा एक, गोष्टी अनेक

‘टायमिंग किती?’ या प्रश्नाचं उत्तर दिसतं तेवढं सोपं नाही. कसं ते बघा.

पहिली गोष्ट, वेळ कुठली? गन टाइम म्हणजे स्टार्टचा भोंगा वाजल्यापासूनची वेळ. चिप टाइम म्हणजे तुम्ही स्टार्टच्या मॅटवर पाय ठेवल्यापासून फिनिशच्या मॅटपर्यंतची वेळ. मोठ्या रेसला मागच्या गर्दीत उभे असाल तर स्टार्टपर्यंत पोचायलाच बरीच मिनिटं जातात. एकाने गन टाइम सांगायचा, दुसऱ्याने चिप टाइम, आणि दोघांची तुलना करायची. हिशेब जुळणार कसा?

दुसरी गोष्ट, अंतर किती? घड्याळ २१.४ किलोमीटर दाखवतं आणि मग आयोजकांना शिव्या सुरू होतात. पण मान्यताप्राप्त रेसचा रस्ता मोजतात तो वळणावळणाला सर्वात जवळच्या रेषेने. सायकलच्या चाकाला मोजणारं यंत्र लावतात. वर दर हजार मीटरला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे रस्ता कमी भरायला नको. तुम्ही मात्र गर्दीतून डावीकडे-उजवीकडे होत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, बाहेरच्या कडेने पळता. त्यात उंच इमारतींच्या मधे घड्याळाचा जीपीएसही गडबडतो. म्हणून जास्त भरतं.

तिसरी गोष्ट, रस्ता कसा आणि हवा कशी? साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून आलेले २१ किलोमीटर आणि एखाद्या सपाट रस्त्यावरचे २१ किलोमीटर एकाच तराजूत कसे तोलणार? मुंबईकरांना विचारा पेडर रोडचा चढ काय चीज आहे! आणि दमट हवा वेगळीच. घाम येतो, पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मग नागपूर-नाशिकच्या थंडीत सहज जमणारा वेग कोकणच्या किनाऱ्यावर जमत नाही. तुमची तयारी कमी पडलेली नसते, ती हवेची करामत असते.

चौथी गोष्ट, माणूस तोच असला तरी दिवस तोच नसतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आठवते? २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ती ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पळाली. राष्ट्रीय विक्रम! दोनच दिवसांनी फायनल. तिथे वेळ ९ मिनिटं २२.७४ सेकंद आणि दहावा नंबर. तीच खेळाडू, तेच स्टेडियम, मधे दोन दिवस. ऑलिम्पिकवीरांचा आकडा असा हलतो, तर तुमचा-आमचा का हलणार नाही?

थांबलेल्याचीही गोष्ट असते

रिझल्टच्या यादीत तीन अक्षरं सगळ्यांना नकोशी वाटतात. डीएनएफ. म्हणजे रेस पूर्ण केली नाही. ग्रुपवर हा रिझल्ट कुणी टाकत नाही. टाकला पाहिजे. का, त्यासाठी शंभरेक वर्षं मागे जाऊ.

१९१२, स्टॉकहोम ऑलिम्पिक. मॅरेथॉनच्या दिवशी भयंकर ऊन. पारा तिशीच्या पार. सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी रेस मधेच सोडली. त्यात जपानचा एक तरुण होता, शिझो कानाकुरी. उन्हाने बेजार होऊन तो थांबला आणि आयोजकांना न कळवताच गपचूप मायदेशी निघून गेला. शरम वाटली असणार. स्वीडनच्या दप्तरी तो ‘बेपत्ता’च राहिला.

त्याच रेसमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो होता. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखं काहीतरी चोपडलं होतं, त्यामुळे घाम बाहेर पडेना. तो पळत राहिला. तीसएक किलोमीटरच्या सुमारास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

एकाच उन्हातले दोन धावपटू. जो थांबला त्याचं पुढे काय झालं?

१९२० साली जपानमध्ये विद्यापीठांच्या संघांची हाकोने एकिदेन ही लांब पल्ल्याची रिले सुरू झाली, तिच्यामागे कानाकुरी होता. आजही दर वर्षी २ आणि ३ जानेवारीला अख्खा जपान टीव्हीसमोर बसून ती बघतो. त्याच वर्षी तो अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये पुन्हा मॅरेथॉन पळाला आणि सोळावा आला. त्या रेसमध्ये त्याच्या मागे दोनच मिनिटांनी, एकोणिसाव्या नंबरावर कोण आलं माहितीय? आपला बेळगावचा फडेप्पा चौगुले! वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. आणि गंमत म्हणजे त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची नव्हतीच, ४२.७५ किलोमीटरची होती. म्हणजे आज कुणी नुसतं ‘२ तास ५० मिनिटं’ एवढंच सांगितलं, तर चौगुल्यांचा अर्धा किलोमीटर आपण चोरला म्हणायचं!

कानाकुरीची गोष्ट इथे संपत नाही. १९६७ साली स्वीडनने त्याला परत बोलावलं आणि राहिलेली मॅरेथॉन पूर्ण करायला लावली. पंचाहत्तरीतले आजोबा फिनिश लाइन ओलांडून गेले. अधिकृत घोषणा झाली, वेळ ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. जगातली सर्वात संथ मॅरेथॉन. सांगा बरं, हा आकडा ग्रुपवर टाकायला लाजायचं की मिरवायचं?

थांबल्यामुळे तो वाचला, पुन्हा पळाला आणि हजारोंना पळायला लावून गेला. पण थांबल्याचं सांगायला मात्र तो लाजला. ती लाज आपल्या ग्रुपमध्ये नको.

‘थांबू नकोस’ म्हणण्याआधी...

आपल्याकडे प्रोत्साहन म्हणजे काय? ‘हार मानू नको’, ‘दुखणं डोक्यात असतं’, ‘थोडंच राहिलंय, ओढ!’ चढावर दमलेल्या दोस्ताला असं म्हणायला हरकत नाही. दम लागणं वेगळं. पण छातीत दुखतंय, चक्कर येतेय, बोलणं असंबद्ध व्हायला लागलंय, उन्हात अंग तापलंय आणि पाय वेडेवाकडे पडताहेत, असं दिसलं तर तिथे ‘ओढ’ म्हणणारा दोस्त नव्हे. तिथे हात धरून बाजूला घेणारा, सावलीत नेणारा, अंगावर पाणी ओतणारा आणि मेडिकल टीमला हाक मारणारा हवा. अशा वेळी तुमचं स्वतःचं टायमिंग गेलं खड्ड्यात!

सरावाचंही तसंच. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते आणि पळलं की वाढते, असं कुणी ग्रुपवर लिहिलं तर ‘बर्फ लाव, उद्या ये’ असले सल्ले देऊ नका. हाडाला बारीक तडा गेल्याचं ते लक्षण असू शकतं. ‘आधी डॉक्टरांना दाखव, ग्राऊंड कुठे पळून जात नाही’ एवढंच लिहा.

पाण्याबाबतही अर्धवट सल्ले फिरत असतात. ‘जितकं पिशील तितकं चांगलं’ हे खरं नाही. तासन् तास पळताना तहान नसतानाही साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मिठाचं प्रमाण उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. तहानेप्रमाणे प्या, लांब पल्ल्याला मीठ-साखर पोटात जाऊ द्या.

हळू पळालात? तेही टाका!

स्ट्राव्हासारखी अॅप आली आणि सराव चारचौघांत आला. चांगलंच झालं. पण एक गोची झाली. सगळे बघताहेत म्हटल्यावर कुणाला हळू पळवेना. मंगळवारचा आरामाचा ५ के सुद्धा रेससारखा पळायचा, कारण किलोमीटरला ८ मिनिटं दिसली तर लोक काय म्हणतील?

लोक काहीही म्हणणार नाहीत. म्हणतील तर त्यांना हे सांगा. लांब पल्ल्याच्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास स्टीफन सायलर या शास्त्रज्ञाने केला. त्यात दिसलं की त्यांचा साधारण ८० टक्के सराव अगदी आरामाचा असतो आणि जेमतेम २० टक्के दमवणारा. आपण हौशी लोक नेमकं उलटं करतो. रोज मध्यम दमतो. त्यामुळे धड आरामही होत नाही, धड जोरही लागत नाही.

आराम म्हणजे किती? सोपी परीक्षा आहे. पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. ‘हो’, ‘हं’, ‘अरे’ एवढंच तोंडातून निघत असेल तर वेग कमी करा. हा सराव एकट्याने जमत नाही, गप्पा मारायला कुणीतरी लागतंच. ग्रुपचा खरा फायदा हा.

आणि मधेमधे चाललात तर? तेही सांगा. १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये पळालेला अमेरिकेचा जेफ गॅलोवे याने तर पळा-चाला-पळा हीच पद्धत लोकप्रिय केली. दमायच्या आधी ठरवून एक मिनिट चालणं म्हणजे चीटिंग नाही, हिशेब आहे.

रिझल्ट टाकताय? मग हेही टाका

* वेळ चिपची की गनची, ते लिहा. अंतर रेसचं लिहा, घड्याळाचं नाही.
* रस्ता आणि हवा एका ओळीत. ‘अर्धा रस्ता चढ, दमट हवा, आठनंतर ऊन.’ पुढच्या वर्षी तिथे जाणाऱ्याला याचाच उपयोग होतो.
* तयारी किती होती ते खरंखरं लिहा. ‘चार महिने, आठवड्यातून चार दिवस’ किंवा ‘परीक्षेमुळे तीन आठवडे गेलोच नाही.’ काहीच सराव केला नाही म्हणून मिरवू नका. ते वाचून एखादा नवखा खरंच सराव न करता उतरतो.
* काय चुकलं? ‘पहिले ५ के जोशात गेलो, १६ नंतर वाट लागली.’ या एका ओळीने पुढच्या रेसला दहा जण सावध होतात.
* आपली तुलना आपल्याशी. किलोमीटरला ८ मिनिटांच्या वेगाने हाफ मॅरेथॉन होते २ तास ४८ मिनिटं ४७ सेकंदांत. गेल्या वर्षी तीन तास लागले असतील तर हा रिझल्ट जोरातच सांगा!
* थांबलात? तर कुठे थांबलात आणि का, ते लिहा. शरमेची गोष्ट नाही ती.

आणि दुसऱ्याचा रिझल्ट वाचताना...

‘भारी!’ लिहायला एक सेकंद लागतो. त्याऐवजी एक प्रश्न विचारा. ‘शेवटच्या चढाला काय केलंस?’, ‘खायला काय ठेवलं होतंस?’ प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं, याने माझा मेसेज खरंच वाचला. हळू आलेल्याला ‘पूर्ण केलंस हेच खूप’ असं कीव आल्यासारखं म्हणू नका. वेगवान आलेल्याशी जसं बोलता तसंच त्याच्याशी बोला. लक्षात घ्या, तीन तास पळणारा तुमच्यापेक्षा एक तास जास्त रस्त्यावर होता. त्याने ऊन जास्त खाल्लंय आणि त्याच्या वेळेला कदाचित पाण्याच्या टेबलावर ग्लासही उरले नव्हते.

मुलींनी पहाटे अंधारात एकटीने पळणं अजूनही आपल्याकडे सोपं नाही, हेही विसरू नका. एखादी म्हणते, ‘आठवड्यात दोनच दिवस जमलं’, तेव्हा त्यामागे आळस असेलच असं नाही. सोबत नसेल. तिथे शाबासकीपेक्षा ‘आम्ही चौघी साडेपाचला तुझ्या चौकातून जातो, ये’ हा निरोप जास्त कामाचा.

ग्रुप किती वेगवान आहे हे त्याच्या पहिल्या नंबरावरून कळेल. पण ग्रुप चांगला आहे की नाही हे शेवटच्यावरून कळतं. तो येईपर्यंत किती जण थांबतात? त्याच्यासाठी पाणी, केळं, चहा शिल्लक असतो का? काही ग्रुपमध्ये रविवारच्या लाँग रनला एक जण ठरवून सगळ्यांच्या मागे पळतो. दर आठवड्याला नवा माणूस. त्या दिवशी त्याचं स्वतःचं टायमिंग शून्य. तुमच्याकडे अशी पाळी नसेल तर सुरू करा. पहिली पाळी ग्रुपमधल्या सर्वात फास्ट माणसाला द्या. तीन तास सावकाश पळणं म्हणजे काय असतं, ते त्यालाही कळू दे!

तर मग आता एक काम करा. तुमच्या ग्रुपची यादी उघडा. महिनाभरात ग्राऊंडवर न दिसलेलं एक नाव शोधा. ‘कुठे गायब?’ असं विचारू नका, ‘टायमिंग किती?’ तर अजिबात नाही. फक्त एवढंच पाठवा, ‘उद्या ५ के, गप्पा मारत. सहा वाजता ग्राऊंडवर. येतोस ना?’